बांधावरचा क्षेत्ररक्षक

क्रिकेटने मराठीला जे वाक्प्रचार दिले त्यांत ‘फिल्डिंग लावणे’ हा सर्वांत बोलका आहे. नोकरीसाठी, बदलीसाठी, तिकिटासाठी, पुरस्कारासाठी आपल्याकडे फिल्डिंग लावली जाते. गुगली टाकणारा, षटकार मारणारा, विकेट काढणारा हे आपल्या भाषेत कर्ते आहेत. फिल्डिंगच्या बाबतीत मात्र कर्ता आहे तो ती लावणारा. ज्यांना लावले जाते त्या नऊ जणांना वाक्यात जागाच नाही. ते साधन आहेत, आणि काम झाले की वाक्याबाहेर जातात. वाक्प्रचार उगीच रूढ होत नाहीत. एखाद्या समाजाने खेळाकडे पाहताना काय पाहिले आणि काय पाहिलेच नाही, ह्याची ती नोंद असते.

प्रस्तुत टिपणाचा विषय हे न पाहणे हाच आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे : खेळाडूच्या आयुष्याची दोनच कथानके मराठीला येतात. एक विक्रमवीराचे, दुसरे वाताहतीचे. ह्या दोहोंच्या मध्ये जे असते, म्हणजे वर्षानुवर्षे खेळणे, एकेक पायरी चढणे, एका पायरीवर थांबणे, आणि एके दिवशी थांबलो आहोत हे स्वतःशी मान्य करणे, त्यासाठी आपल्याकडे ना शब्द आहेत, ना नोंदी, ना वाङ्मयप्रकार. ही उणीव प्रतिभेची नाही. वि. वि. करमरकरांनी क्रीडापत्रकारितेला मराठी दैनिकात स्वतंत्र प्रतिष्ठा मिळवून दिली, बाळ ज. पंडितांनी आकाशवाणीवरून क्रिकेट मराठीत बोलते केले, शिरीष कणेकर आणि द्वारकानाथ संझगिरी ह्यांनी त्याला वाचकप्रिय गद्य दिले. ह्या सर्वांनी जे लिहिले-बोलले ते बहुतांशी मोठ्या मैदानावर पोचलेल्यांविषयी होते, आणि ते स्वाभाविकही होते. प्रश्न न पोचलेल्यांचा आहे.

तुलनेसाठी आपल्या अंगणाबाहेरचा एक खेळ घेऊ. बेसबॉलमध्ये मैदानाच्या दूरच्या भागात तीन क्षेत्ररक्षक उभे असतात : डावीकडे एक, मध्ये एक, उजवीकडे एक. त्यांना आउटफिल्डर म्हणतात. अमेरिकेत ह्या खेळाडूचा व्यावसायिक प्रवास एका शिडीसारखा आखलेला आहे. निवड झाल्यावर तो थेट मोठ्या संघात जात नाही. लो-ए, हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए अशा पायऱ्या चढत, लहान लहान गावांच्या संघांतून, रात्र रात्र बसप्रवास करत तो वर सरकतो. बहुसंख्य वाटेतच थांबतात. जे वर पोचतात त्यांचाही उतार ठरलेला असतो. तरुणपणी वेगाच्या बळावर मध्यभाग सांभाळणारा खेळाडू पाय मंदावले की कडेच्या जागी सरकतो, आणि पुढे फलंदाजी चांगली असेल तर क्षेत्ररक्षण सोडून केवळ फटके मारण्यापुरता उरतो. वय वाढणे म्हणजे काय, हे ह्या खेळात मैदानावरच्या जागेवरून वाचता येते.

ह्या प्रवासाला तिथल्या भाषेने शब्द दिले आहेत. जो मोठ्या संघात जेमतेम काही दिवस राहून परतला त्याने तिथे ‘एक कप कॉफी’ घेतली असे म्हणतात. जो ट्रिपल-एमध्ये सहज चमकतो पण त्यावरच्या पायरीवर टिकत नाही, त्याला ‘फोर-ए’ खेळाडू म्हणतात, म्हणजे अस्तित्वातच नसलेल्या एका मधल्या पायरीवरचा. गावोगावच्या संघांतून पोटापुरते खेळत राहणाऱ्यासाठी ‘जर्नीमॅन’ हा कारागिरांच्या बोलीतून आलेला शब्द आहे. आता आपली शब्दसंपदा पाहू. गल्लीत खेळताना ज्याला घ्यावे तर लागते पण मोजायचे नसते, तो ‘कच्चा लिंबू’. त्याला बहुधा लांब, चेंडू आणून देण्याच्या कामावर उभे करतात. दुसऱ्या टोकाला शतकवीर, विक्रमादित्य, बादशहा. कच्च्या लिंबापासून बादशहापर्यंतच्या अफाट अंतरात जे जगतात त्यांना मराठी काय म्हणते? ‘चांगला खेळायचा’ असे म्हणते, आणि तेही भूतकाळात.

शब्दांच्या मागे नोंद असते. बेसबॉलच्या धावफलकात क्षेत्ररक्षकाच्या नावावर त्याने बाद केलेले, बाद करण्यास साहाय्य केलेले आणि त्याच्या हातून झालेल्या चुका असे तिन्ही हिशेब एकोणिसाव्या शतकापासून लिहिले जात आहेत. क्रिकेटचा पारंपरिक धावफलक झेल तेवढा लिहितो. सुटलेला झेल लिहीत नाही, वाचवलेल्या धावा लिहीत नाही. बदली खेळाडूने झेल घेतला तर पुष्कळदा ‘झे. बदली’ एवढेच छापून येई. झेल खरा, हात खरे, पण नाव नाही.

ह्या नोंदीतून साहित्य कसे उगवते ह्याचे एक उदाहरण साहित्याच्या विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. आर्चिबाल्ड ग्रॅहम नावाचा एक आउटफिल्डर २९ जून १९०५ रोजी न्यूयॉर्क जायंट्सकडून सामन्याच्या अखेरच्या टप्प्यात उजव्या बाजूला उभा राहिला. फलंदाजीची पाळी त्याच्यापर्यंत आलीच नाही. मोठ्या संघातला त्याचा तो पहिला आणि शेवटचा सामना. पुढे काही वर्षे तो खालच्या पायऱ्यांवर खेळला, मग मिनेसोटातल्या चिझम ह्या खाणगावात डॉक्टर म्हणून स्थिरावला आणि तिथेच आयुष्य काढून १९६५ साली वारला. बेसबॉलच्या ज्ञानकोशात त्याच्या नावापुढे ‘सामने १, फटकेबाजी ०’ अशा अर्थाची एक ओळ राहिली. डब्ल्यू. पी. किन्सेला ह्या कॅनेडियन लेखकाच्या नजरेस ती ओळ पडली आणि १९८२ च्या ‘शूलेस ज्यो’ ह्या कादंबरीत ग्रॅहम पात्र होऊन आला. १९८९ च्या ‘फील्ड ऑफ ड्रीम्स’ ह्या चित्रपटाने त्याला जगभर नेले. कादंबरीकाराने कल्पना लढवली हे खरेच. पण ती लढवायला आधी कुणीतरी कारकुनाच्या निष्ठेने ती ओळ लिहून ठेवली होती. न घडलेल्या गोष्टीचीही नोंद झाली, म्हणून तिची कादंबरी झाली.

आता कर्जत-खालापूरकडे येऊ. हा भाताचा मुलूख आहे. कर्जतच्या कृषी संशोधन केंद्राने विकसित केलेल्या भाताच्या वाणांना ‘कर्जत’ हेच नाव आणि पुढे क्रमांक आहे. भातकापणी झाली, खाचरे सुकली की तीच खाचरे मैदाने होतात. दोन-चार खाचरांचे बांध फोडून किंवा तसेच ठेवून खेळपट्टी चोपली जाते आणि पलीकडचा बांध ही सीमारेषा होते. ह्या मैदानावर दूरचा क्षेत्ररक्षक म्हणून उभे राहणे हे एक स्वतंत्र कौशल्य आहे. पायाखाली भाताची धसकटे, मध्येच एक वीतभर उंचीचा बांध, टेनिस चेंडूची अनिश्चित उसळी, आणि वर पाहत मागे धावताना बांध किती पावलांवर आहे ह्याचा अंगात मुरलेला अंदाज. पावसाळ्याच्या तोंडापर्यंत गावोगावी स्पर्धा चालतात. चषक असतो, रोख बक्षीस असते, ध्वनिक्षेपकावर समालोचन असते, अलीकडे मोबाइलवर थेट प्रक्षेपणही असते. पंचक्रोशीत नावाजलेला खेळाडू दुसऱ्या गावाकडून मानधन घेऊन खेळतो. म्हणजे व्यवसाय आहे, बाजार आहे, प्रेक्षक आहेत. शिडी मात्र नाही.

शिडी का नाही ह्याचे एक कारण रेल्वेच्या नकाशात सापडते. कर्जत मुंबईपासून शंभर किलोमीटर. लोकलने सुमारे दोन तास. कर्जत-खोपोलीची माणसे पिढ्यान्‌पिढ्या ह्याच गाडीने नोकरीला जातात, आणि बोलण्यात-स्वप्नांत त्यांचे शहर मुंबईच असते. परंतु मुंबई क्रिकेट संघटनेचे कार्यक्षेत्र मध्य रेल्वेवर बदलापूरपर्यंत येते आणि थांबते. त्यापुढची वांगणी, शेलू, नेरळ, भिवपुरी रोड, कर्जत ही स्थानके त्याच रुळांवर, त्याच पासावर. पण क्रिकेटच्या नकाशात नाहीत. रायगड जिल्हा पुण्याच्या महाराष्ट्र क्रिकेट संघटनेकडे येतो. म्हणजे बदलापूरचा मुलगा रणजी करंडक बेचाळीस वेळा जिंकलेल्या मुंबईचे दार ठोठावू शकतो, आणि तीसेक किलोमीटर पुढच्या कर्जतच्या मुलाने जिल्हा संघातून, घाट चढून, महाराष्ट्राचे दार शोधायचे. महाराष्ट्राचा संघ कमी प्रतीचा आहे असे मुळीच सुचवायचे नाही. १९३९-४० आणि १९४०-४१ अशी लागोपाठ दोन वर्षे त्यानेही करंडक जिंकला आहे. मुद्दा एवढाच की, ज्या शहराकडे मुलाचे तोंड आहे त्याच्या मैदानाकडे त्याची वाट जात नाही. शासकीय सीमारेषा कुठेतरी आखावीच लागते. पण ती जिथे आखली तिथे कुणाचे काय थांबले, हे विचारण्याची जबाबदारी कुणाची?

मैदानाच्या सान्निध्याने काय घडते ह्याचे मराठी उदाहरण म्हणजे एकनाथ सोलकर. मुंबईच्या हिंदू जिमखान्यावर त्यांचे वडील मैदानाची देखभाल करीत आणि कुटुंब जिमखान्याच्याच आवारात एका खोलीत राही. श्रीमंती नव्हती, पण मैदान दाराशी होते. त्या दाराशी असण्यातून भारताचा सर्वश्रेष्ठ जवळचा क्षेत्ररक्षक घडला. शिरस्त्राण नसलेल्या काळात फलंदाजाच्या पुढ्यात, शॉर्ट लेगला उभे राहून त्यांनी २७ कसोटींत ५३ झेल घेतले. १९७१ साली ओव्हलवर व्यंकटराघवनच्या गोलंदाजीवर ॲलन नॉटचा त्यांनी घेतलेला झेल भारताच्या इंग्लंडमधल्या पहिल्या कसोटी विजयाचा अविभाज्य भाग आहे. २००५ साली, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी ते गेले. सोलकरांविषयी लिहिताना आपण नेहमी गरिबीतून वर आलेल्या गुणवत्तेचे कथानक वापरतो. ते खोटे नाही, अपुरे आहे. गुणवत्तेइतकाच भूगोलही तिथे काम करत होता. तेच वडील, तीच खोली, तीच चपळाई पळसदरीच्या उतारावर असती तर तो झेल कुठल्या तरी बांधाशेजारी घेतला गेला असता आणि ध्वनिक्षेपकावर त्याचे दोन शब्द कौतुक झाले असते.

इथे एक योगायोग नोंदवण्यासारखा आहे. सोलकरांनी कसोटी पदार्पण केले ते ऑक्टोबर १९६९ मध्ये, हैदराबादला. त्याच महिन्यात अमेरिकेत सेंट लुईस कार्डिनल्सचा मध्यभागाचा आउटफिल्डर कर्ट फ्लड ह्याला कळवण्यात आले की त्याला फिलाडेल्फियाच्या संघाला देऊन टाकले आहे. बारा वर्षे एका संघाकडून खेळलेल्या, क्षेत्ररक्षणासाठी सात वेळा गौरवलेल्या ह्या कृष्णवर्णीय खेळाडूने जायला नकार दिला. आपण कुणाची खरेदी-विक्रीची मालमत्ता नाही, अशी त्याची भूमिका होती. तो न्यायालयात गेला. १९७२ साली सर्वोच्च न्यायालयात पाच विरुद्ध तीन मतांनी हरला. त्याची कारकीर्द त्यात संपली. खेळाडूला संघाशी जखडणारी ती तरतूद १९७५ च्या अखेरीस एका लवादाने निष्प्रभ केली. तिचा लाभ इतरांना झाला.

फ्लडचा उल्लेख मुद्दाम केला, कारण अमेरिकेतली शिडी म्हणजे आदर्श व्यवस्था असा समज होऊ नये. ती शिडी बाजारानेच उभी केली आहे. खालच्या पायऱ्यांवरच्या खेळाडूंना दीर्घकाळ तुटपुंजे वेतन मिळे. २०२१ साली संलग्न संघांची संख्या १२० पर्यंत उतरवली गेली आणि चाळीसहून अधिक गावांचा त्या शिडीशी असलेला संबंध तुटला. खालच्या पायऱ्यांवरच्या खेळाडूंचा पहिला सामूहिक करार व्हायला २०२३ साल उजाडले. तेव्हा नोंद ठेवणे म्हणजे न्याय करणे नव्हे. पण नोंद असल्यामुळे अन्याय मोजता आला. किती खेळले, किती वर्षे खेळले, कशावर जगले हे कागदावर होते, म्हणून मागणी करता आली. आपल्याकडे आता गावपातळीवरच्या ‘प्रीमियर लीग’मध्येही खेळाडूंचा लिलाव होतो. बोली गुणांची असते किंवा थोड्याफार रुपयांची, आणि सगळे हसतखेळत चालते. तरीही माणसांच्या संदर्भात ‘लिलाव’ हा शब्द आपण किती सहज स्वीकारला, ह्यावर मराठीच्या वर्गात एखादा तास तरी चर्चा व्हावयास हवी. २०२४ च्या मार्चमध्ये ठाण्याच्या दादोजी कोंडदेव क्रीडासंकुलात टेनिस चेंडूची व्यावसायिक स्पर्धा सुरू झाली. त्यामुळे खाचरातून वर जाणारी एक पायरी निर्माण झाली, हे चांगलेच झाले. पण एकाच पायरीची शिडी होत नाही. तिच्यावर जे चढतील त्यांचेच पुन्हा लिहिले जाईल.

ह्यावर आक्षेप घेता येईल. कुणी म्हणेल, हा खेळ आनंदासाठी खेळला जातो. संध्याकाळच्या आनंदाचे दप्तर कशाला ठेवायचे? आक्षेपात तथ्य आहे. सगळेच नोंदवले तर खेळाचा खेळपणा जाईल. पण आनंदासाठी खेळणाऱ्या सोळा वर्षांच्या मुलाबद्दल मी बोलत नाही. ज्याने विशीतली दहा वर्षे ह्याच खेळाला दिली, सुगी संपल्यावर दर आठवड्याला दोन-दोन स्पर्धा खेळल्या, त्यापायी कारखान्यातली पाळी चुकवली, आणि बत्तिशीत गुडघा गेल्यावर जो थांबला, त्याच्या दहा वर्षांना काय म्हणायचे? छंद म्हणावे तर त्यात पैसा होता, व्यवसाय म्हणावे तर त्यात भविष्य नव्हते. त्याला स्वतःलाही ती दहा वर्षे सांगता येत नाहीत, कारण सांगण्याचा साचा उपलब्ध नाही. विक्रमवीराच्या साच्यात तो बसत नाही, आणि वाताहतीच्या साच्यात बसायची त्याची इच्छा नाही, कारण त्याची वाताहत झालेली नाही. तो घर चालवतो, मुलांना शिकवतो आणि कधीमधी बांधावर उभा राहून सामना पाहतो. साहित्याने ज्याला शब्द द्यावेत असे काही इथे नक्कीच आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ह्या तालुक्यांत सांगण्यासारखे इतके असताना चेंडूफळीचे काय घेऊन बसायचे? आझाद दस्त्याचे भाई कोतवाल आणि हिराजी पाटील २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर हुतात्मा झाले. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या कुशीतली इर्शाळवाडी दरडीखाली गेली. ह्यांच्या शेजारी झेलाची कथा ठेवणे अप्रस्तुत नाही का? मला वाटते, आक्षेपातच उत्तर आहे. ह्या भूभागाला आपल्या लेखी स्मृतीत प्रवेश मिळतो तो हौतात्म्याने किंवा आपत्तीने. खालापूर म्हटले की इतरांना टोलनाका आठवतो, कर्जत म्हटले की वडापाव. जे तिथे जन्मले, खेळले, थकले, म्हातारे झाले त्यांचे मधले आयुष्य लेखी स्वरूपात जवळजवळ नाहीच. मृत्यूनेच ज्यांची दखल घेतली जाते त्यांच्या जगण्याची दखल घेणे हे हुतात्म्यांच्या किंवा मृतांच्या स्मृतीशी विसंगत नाही. उलट, जगणे माहीत असेल तरच काय गमावले ते कळते.

मग करायचे काय? कादंबरी लिहा असा आदेश कुणालाच देता येत नाही. पण कादंबरीच्या आधीचे काम करता येते, आणि ते महाविद्यालयांचे आहे. प्रत्येक स्पर्धेत एक मुलगा कडेला बसून वहीत गुण लिहीत असतो. त्या वह्या स्पर्धा संपली की रद्दीत जातात. मराठीच्या विद्यार्थ्यांनी त्या मागून घ्याव्यात. बोलीभाषेच्या प्रकल्पासाठी आपण लग्नगीते, ओव्या, म्हणी गोळा करतो. त्याच निष्ठेने ध्वनिक्षेपकावरचे समालोचन उतरवून घ्यावे, कारण आगरी-कुणबी बोलीत क्रिकेटचे जे प्रतिशब्द तयार झाले आहेत ते कुठल्याही परिभाषाकोशात नाहीत. आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या खेळाडूंशी बोलावे, आणि ‘तुमचा सर्वोत्तम झेल कोणता’ ह्याऐवजी ‘तुम्ही कधी थांबलात, आणि ते तुम्हांला कसे कळले’ असे विचारावे. महाविद्यालयाच्या वार्षिकांकात यशस्वी विद्यार्थ्यांच्या छायाचित्रांबरोबर अशी चार पाने आली, तर वीस वर्षांनी एखाद्या लेखकाला हवी असलेली ओळ तिथे सापडेल.

कर्जत स्थानकावर पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना मागून जादा इंजिने जोडतात. त्यांना बँकर म्हणतात. बोरघाट ती इंजिने गाडीला ढकलत चढवतात, आणि चढ संपला की सुटी होऊन परत येतात. गाडीच्या नावात त्यांचा उल्लेख नसतो, प्रवाशांना ती दिसतही नाहीत. रेल्वे मात्र त्यांचा हिशेब ठेवते : कोणते इंजिन, कितव्या गाडीला, किती वाजता. कारण तो हिशेब चुकला तर घाट चढता येत नाही हे रेल्वेला ठाऊक आहे. मराठी साहित्यव्यवहारालाही हे कधीतरी ठाऊक व्हावे. फिल्डिंग कुणी लावली हे आपण आजवर पुष्कळ लिहिले. ती कुणी केली, हे लिहायचे राहिले आहे.